दहापैकी नऊ

४ जानेवारी

चि. बारकीस मामाचे आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. तू खात्याच्या परीक्षेला बसतेयस हे मी शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं. तसंही हल्ली मी सगळं ओरडूनच सांगतो. छापखान्यातल्या यंत्रांनी कान नेले, फोनवर तुझा आवाज म्हणजे नुसती खरखर. तेव्हा शिकवणी पत्रानेच.

बाटल्या धुण्याच्या मोरीवरून उठून रिपोर्ट लिहिण्याच्या टेबलावर बसायचं, तर मध्ये इंग्रजीचा पेपर आडवा येतो म्हणतेस. त्यातही तो एकच प्रश्न, ‘हू’ आणि ‘विच’ घालून वाक्यं जोडायचा. दोनदा त्यात नापास झालीस आणि मला आत्ता सांगतेस? मामा काय फक्त पेढे खायला ठेवलाय?

ऐक. तुमच्या मॅडमनी लिहिलं की ज्या बाटल्या फुटक्या आहेत त्या फेकून द्या. मग फुटक्या तेवढ्याच जातील. इंग्रजीत तिथे स्वल्पविराम लागत नाही. पण ‘बाटल्या’नंतर एक स्वल्पविराम दिला, मग ‘विच आर क्रॅक्ड’ लिहिलं आणि पुन्हा एक स्वल्पविराम दिला, की झालं! सगळ्याच बाटल्या फुटक्या ठरल्या आणि सगळ्याच कचऱ्यात गेल्या. तुला जमत नाही ती ही दुसरी जात. नाव लांबलचक आहे, नॉन-रिस्ट्रिक्टिव्ह क्लॉज. नावाला घाबरू नकोस. कोणाबद्दल बोलतोय ते आधीच ठरलेलं असतं आणि हा क्लॉज जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो, एवढंच. ‘माझी बहीण, जी शिवणकाम करायची, फार कमी बोलायची.’ मला बहीण एकच होती, तुझी आई. शिवणकाम काढून टाकलं तरी बहीण तीच राहते. मराठीत असं ‘जी-जो’ लावलं की कोर्टाचा कागद वाचल्यासारखं होतं. आपण सरळ म्हणतो, माझी बहीण शिवणकाम करायची आणि बोलायची फार कमी. इंग्रजांना मात्र ते मधेच खोचायची हौस.

आता शिकवणीचे नियम. दर पंधरवड्याला दहा वाक्यं, आणि स्वतःच्या आयुष्यातली. पुस्तकातली चालणार नाहीत, मला वास येतो. कागदाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी, मागच्या बाजूला त्याचा अर्थ साध्या मराठीत. मागची बाजू तुझी, ती मी बघणार नाही. आपल्याला नक्की काय म्हणायचंय ते तुझं तुला कळावं म्हणून ती. पुढची बाजू मी तपासीन, छापखान्यात चाळीस वर्षं प्रूफं तपासली तशी, म्हणजे शेवटच्या ओळीपासून वर आणि ओळीतही शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. अर्थ कळायला लागला की डोळा चूक सोडतो. अर्थ कळू द्यायचा नाही, हीच सगळी विद्या.

सोबत नियमांचा कागद आहे. मोरीवरच्या फरशीला चिकटव. हात बाटल्या धुतील, डोकं अभ्यास करेल.

तुझा,
मामा

१३ जानेवारी

ती. मामांस सा. न.

कागद चिकटवला. पाणी उडून खराब होऊ नये म्हणून वरून प्लास्टिक लावलंय. मॅडम बघून म्हणाल्या, ‘हे काय, मोरीचं देवघर केलंस?’

तुम्हाला माझं काम कधी नीट सांगितलंच नाही. आमच्याकडे सगळ्या भागांतल्या टाक्यांचं आणि विहिरींचं पाणी तपासायला येतं. ते आणतात सायकलकाका. त्यांचं काम इतकंच, टाकीवर जायचं, बाटली भरायची, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर ठिकाण लिहायचं आणि चिठ्ठी दोऱ्याने बाटलीच्या मानेला बांधायची. गाठ दुहेरी, कोणाच्या बापाला सुटणार नाही अशी. पुढच्या माणसाने ती सोडायची नाही असा नियम आहे. मी सोडते. ओल्या बाटलीने चिठ्ठी भिजते आणि अक्षर पसरतं, मग टेबलावरच्या बाई माझ्यावर डाफरतात. म्हणून एक चिठ्ठी सोडायची, बाटली पुसायची, चिठ्ठी बांधायची, मग दुसरी. हे कोणाला माहीत नाही. आता तुम्हाला सांगितलं.

सायकलकाका इतकी वर्षं सायकलवरून फिरतायत की जिना चढतानाही पायडल मारल्यासारखे चढतात. निवृत्तीला सात महिने राहिलेत. इंग्रजीचं पुस्तक माझ्या हातात दिसलं की म्हणतात, ‘शीक, शीक. मी पाचवीनंतर शाळेकडे बघितलं नाही आणि शाळेनेही माझ्याकडे बघितलं नाही.’

दहा वाक्यं सोबत आहेत. पहिलं त्यांच्यावरच आहे, ‘अवर सॅम्पलर, हू राइड्स अ सायकल, सिंग्ज व्हेरी बॅडली.’ खरंच भयंकर गातात. स्वल्पविराम दोन्ही दिलेत, बघा.

तुमची,
बारकी

२१ जानेवारी

चि. बारकीस,

दहापैकी सहा. पहिलं बरोबर. चार वाक्यांत पहिला स्वल्पविराम दिलास आणि दुसरा खाल्लास. आत शिरताना दार उघडलंस, तर बाहेर पडताना लावायला नको? आणि माणसाला ‘विच’ म्हणू नये. घरमालकीण कितीही कजाग असली तरी ती ‘हू’च.

बाकी प्रगती आहे. परीक्षा पंधरा मार्चला, म्हणजे वेळही आहे. कागदावर रोज डोळा ठेव, हातात काही का असेना. पुढची दहा पाठव.

मामा

१९ फेब्रुवारी

ती. मामांस,

पत्राला उशीर झाला. इथे सगळं ठीक आहे. थंडी गेली. कामावर जाते, घरी येते.

वाक्यं सोबत पाठवते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे माझ्या आयुष्यातलीच आहेत. कागद तीनदा लिहिला, म्हणून खाडाखोड नाही. मामा, ही वाक्यं नीट बघा. मी काय करू तेवढं कळवा. तुम्ही सांगाल तसं करीन.

बारकी

सोबतचा कागद, मागची बाजू

सायकलकाकांची एकोणतीस वर्षं नोकरी झाली. त्यांना घरी बसवलंय.

त्या दिवशी दोन बाटल्या एकदम आल्या. दोन्ही ओल्या होत्या.

एक शाळेमागच्या टाकीची होती. तिचं पाणी खराब होतं.

दुसरी गिरणीच्या टाकीची होती. तिचं पाणी चांगलं होतं.

चिठ्ठ्या सायकलकाकांनी बांधल्या होत्या. मी त्या सोडल्या, दोन्ही एकदम.

नियमांचा कागद मोरीवर आहे. तेव्हा मी तो वाचत होते, आणि चिठ्ठ्या उलट्या बांधल्या.

गिरणीची टाकी बंद केली. शाळेची चालू राहिली, तिचं पाणी मुलं अकरा दिवस प्यायली.

अडतीस जण आजारी पडले. त्यात एक सहा वर्षांची मुलगी आहे, ती नऊ दिवस दवाखान्यात होती.

बाटल्या अजून कपाटात आहेत. त्यांच्यावर एकेरी गाठ आहे, ती माझी.

मला कोणी काही विचारलं नाही. मी बोलले नाही, आणि ते सोपं गेलं.

२६ फेब्रुवारी

चि. बारकीस,

दहापैकी नऊ! कागद हातात घेतला आणि लाल पेनाला कामच सापडेना. छापखान्यात असा कागद आला असता तर आम्ही तो फ्रेम करून लावला असता.

एक मार्क गेला तो आठव्यात. तिथे ‘हॉस्पिटल’चं स्पेलिंग चुकलंय. स्वल्पविराम सगळ्या ठिकाणी जोडीने आलेत, दारं उघडलीस तशी लावलीसही. आणि शेवटचं वाक्य, काय सांगू! ‘विच वॉज ईझी.’ अगं, सगळ्या वाक्याला मागून लटकणारा ‘विच’ मी तुला शिकवलाच नव्हता! तुझा तू उचललास. परीक्षकाने असलं एक वाक्य बघितलं की बाकीचा पेपर तो डोळे मिटून तपासेल.

तू विचारतेस, काय करू. तर माझं सरळ सांगणं आहे. परीक्षेपर्यंत दुसरा कुठलाही विचार डोक्यात आणू नकोस. बाकी सगळं परीक्षेनंतर. इतकी चांगली गाडी रुळावर आलीय ती घसरू द्यायची नाही.

माझी तब्येत बरी. गुडघे कुरकुरतात, त्यांना सांगितलंय, मला ऐकू येत नाही.

मामा

८ मार्च

ती. मामांस,

तुमचं पत्र मिळालं. नऊ मार्क बघितले.

मला वाटलं होतं तुम्ही रागावाल. पत्र फोडायला दोन दिवस लावले. तुम्ही सगळं वाचून परीक्षेनंतर म्हणताय, म्हणजे विचार करूनच म्हणत असाल. तसंच करते. तुम्ही रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं की वाईट, ते सांगता येत नाही. हल्ली मला कशाबद्दलच काही सांगता येत नाही.

परवा बाटल्या उकळत्या पाण्यातून काढताना चिमटा घ्यायला विसरले आणि सरळ हात घातला. टेबलावरच्या बाई ओरडल्या तेव्हा कळलं. मलम लावलंय. दुखतं असं सगळे म्हणतात, दुखत असेल.

सायकलकाकांची सायकल अजून शेडमध्ये आहे. घरी बसवलं त्या दिवशी ते चालतच गेले. मागचं चाक बसलंय. त्यांच्या जागी नवीन माणूस आलाय, तो गाडीवरून येतो. त्याच्या बाटल्या ओल्या नसतात. तरी मी चिठ्ठ्यांना हात लावत नाही.

त्यांची चौकशी बावीसला आहे. ठपका बसला तर नोकरी जाईल आणि एकोणतीस वर्षांच्या नोंदीवर तेवढंच राहील. मॅडमनी मला सांगितलंय की चौकशीत बसून सगळं लिहून घ्यायचं आणि मग इंग्रजीत रिपोर्ट करायचा. परीक्षा दिलेली असेल, तेवढाच सराव, असं म्हणाल्या. मी हो म्हटलं.

आता वाक्यं पाठवत नाही. जमतात.

बारकी

१६ मार्च

बारके,

तुझं पत्र वाचलं आणि मला काही उमजेना. कसली चौकशी? कसला ठपका? मी कशावर रागवायचं होतं? मग तुझे कागद काढले. क्लिप लावून ठेवलेत मी सगळे. एकोणीस तारखेचा कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या ओळीपासून वाचला. मग उलटा केला आणि मागची बाजू वाचली.

मी वाचलं नव्हतं गं. तू म्हणालीस नीट बघा, मी नीट बघितलं आणि वाचलं नाही. ते नऊ मार्क मी स्वल्पविरामांना दिले. तू माझ्याकडे हात पसरलास आणि मी ‘हॉस्पिटल’चं स्पेलिंग दुरुस्त केलं. त्या पोरीचं वय त्याच ओळीत होतं. माझ्या पेनाची रेघ त्याच्या खालून गेलीय.

पूर्वी एकदा माझ्या एका मित्राच्या निधनाची बातमी प्रूफाला आली होती. मी तिच्यात दोन चुका काढल्या, सही केली आणि पुढे दिली. रात्री जेवताना तुझ्या मामीने सांगितलं तेव्हा मला कळलं की तो गेला. हा किस्सा मी पुढे कितीतरी वर्षं चारचौघांत सांगायचो. लोक हसायचे, मीही हसायचो. आता तुझ्या कागदासमोर बसलोय आणि मला माझी किळस येतेय.

तेव्हा मी आधी जे लिहिलं ते सगळं खोडून टाक. परीक्षेनंतर बिरीक्षेनंतर काही नाही. ती झालीच असेल काल, खड्ड्यात गेली. बावीसला त्या खोलीत उठून उभी राहा आणि बोल. चिठ्ठ्या मी सोडल्या, मी बांधल्या, असं सगळ्यांसमोर म्हण. मामाचा कागद मोरीवर होता आणि मी तो वाचत होते, हेही सांग. तो तिथे लावायला मी सांगितलं होतं. बाटल्या कपाटातून काढायला लाव आणि गाठी दाखव. नोकरी जाईल. जाऊ दे. त्या माणसाचं नाव जातंय.

मी येऊ का? एकट्याने प्रवास झेपत नाही, पण गाडीत बसवून देणारं कोणीतरी मिळेल. कळव.

हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतोय. पाकिटावर पत्ता लिहिताना तीनदा वाचून बघितला.

तुझा,
मामा

३ एप्रिल

ती. मामांस,

तुमचं पत्र एकवीसला मिळालं, चौकशीच्या आदल्या दिवशी. मी ते तीन वेळा वाचलं. आणि बावीसला मी बोलले नाही. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर बाकीचं लिहिताना राहून जाईल.

तुम्ही नका येऊ. प्रवास झेपणार नाही आणि करण्यासारखंही काही राहिलेलं नाही. तुम्ही वाचलं नव्हतं हे कळल्यावर मला राग यायला हवा होता. आला नाही. एवढंच वाटलं की म्हणजे इतके दिवस हे कोणालाच माहीत नव्हतं.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. तीन अधिकारी एका बाजूला, सायकलकाका दुसऱ्या बाजूला आणि मी टोकाला, कागद घेऊन. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांना विचारलं, ‘चिठ्ठ्या कोण बांधतं?’ ते म्हणाले, ‘मीच बांधतो.’ ‘त्यानंतर कोणी सोडतं?’ ‘नाही साहेब, तसा नियमच नाही.’ मी ते इंग्रजीत लिहून घेतलं. तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं, पर्स मांडीवर होती. उठायचं, उठायचं, असं मनात म्हणत होते आणि लिहीत होते. पेन एकदाही थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट करून दिला. त्यात एक वाक्य आहे, की सॅम्पलर, ज्यांची एकोणतीस वर्षं नोकरी झाली आहे, यांच्या हातून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. एकोणतीस वर्षं मी दोन स्वल्पविरामांच्या मध्ये बसवली. मॅडम म्हणाल्या, भाषा छान आहे.

सहीला काकांना बोलावलं होतं. ते कागद घेऊन बाहेर माझ्याकडे आले. ‘पोरी, हे इंग्रजीत आहे. काय लिहिलंय तेवढं सांग.’ मी सांगितलं. माझ्याच तोंडाने सांगितलं की तुमच्या हातून चिठ्ठ्या बदलल्या असं लिहिलंय. त्यांनी मान हलवली. म्हणाले, ‘असेल. मला आठवत नाही, पण असेल. वय झालं आता.’ आणि सही केली. पेनाला टोपण लावून मला परत दिलं.

आपल्या हातून झालं नाही हे त्यांना पक्कं माहीत असणार, म्हणून ते चिडतील, भांडतील, असं मी धरून चालले होते. ते तर चूक आपलीच असं मानून बसले होते. पुढचे तीन दिवस मी बाटल्या धुतल्या आणि ते ‘असेल’ डोक्यातून काही केल्या जाईना.

सव्वीसला काम सुटल्यावर त्यांच्या घरी गेले. एका दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत. दार काकूंनी उघडलं. काका स्वयंपाकघरात डब्यांना नावं चिकटवत बसले होते. काकू हळूच म्हणाल्या, ‘हल्ली असंच चाललंय. कुलूप लावलं की चारदा ओढून बघतात. साखर भरली की मला चाखायला लावतात, मीठ नाही ना म्हणून. म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाही.’

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, सगळं, त्या दिवसाच्या दोन बाटल्यांपासून. मोरीवरच्या कागदाचंही सांगितलं. माझं संपल्यावर काका माझ्याकडे वळलेच नाहीत, काकूंकडे वळले. म्हणाले, ‘ऐकलंस? माझ्याकडून नव्हतं झालं.’ थोड्या वेळाने परत म्हणाले, ‘माझ्याकडून नव्हतं झालं गं.’

मग मला म्हणाले, ‘लिहून दे.’

मी कागद काढला आणि सवयीने इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी कागदावर हात ठेवला. ‘मराठीत लिही. मला वाचता आलं पाहिजे.’

मी लिहिलं. दीड पान झालं. त्यांनी चष्मा लावला आणि काकूंना ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचायला लागले, एकेका शब्दाखाली बोट ठेवून. ‘मी दोन्ही चिठ्ठ्या एकदम सोडल्या. मी त्या उलट्या बांधल्या. चौकशीत मी हजर होते, पण मी बोलले नाही.’ मामा, ते त्यांच्या आवाजात ऐकणं फार कठीण होतं. असं वाटत होतं की अजूनही कबुली तेच देतायत. मला लाज वाटली. दोन महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे. वाचून झाल्यावर त्यांनी मला खाली सही करायला लावली.

त्या कागदाची दुसरी प्रत मी सत्तावीसला मॅडमना दिली. त्यांनी वाचली आणि कपाटाची किल्ली मागवली. बाटल्या कपाटातून काढून सीलबंद केल्यात. मला सोमवारपासून घरी बसवलंय, नवीन चौकशी होईल, ती माझी. काकांचं काय करायचं ते वर विचारलंय, उत्तर आलेलं नाही. परीक्षेचा निकालही नाही, आणि आता त्याचा काही उपयोग नाही.

सव्वीसचं एक सांगायचं राहिलं. मी निघाले तेव्हा काका तो कागद घडी घालून खिशात ठेवत होते, त्यांनी वर बघितलं नाही. काकू दारापर्यंत आल्या. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, ‘दीड महिना कुठे होतीस?’

मी इथेच होते. रोज कामावर जात होते, बाटल्या धुत होते आणि तुम्हाला वाक्यं पाठवत होते.

बारकी